रत्नपारख : विहिरीतले खडे, निजामाचा हिरा आणि आजीच्या कुड्या

गेल्या अंकात हिऱ्यांविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि सारख्या आशयाची बरीच होती, म्हणून त्यांतली काही एकत्र करून उत्तरं देते आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी नांदेडच्या सराफ्यात खडे पारखण्याचं काम करते. वडील जडावाचे कारागीर होते, त्यामुळे भिंग हातात फार लवकर आलं.

आमच्या शेतात विहीर खोदताना सुरुंग उडवला तर खडकात पोकळी निघाली. आतून सगळीकडं चकाकणारे खडे, काही पांढरे, काही हिरवट. त्यातला एक काचेवर ओढला तर ओरखडा उठला. गावात कुणी हिरे म्हणतंय, पाहुणे म्हणतात कुणाला दाखवू नका. काय करावं?
– शेतकरी, भोकरदन तालुका

दादा, हे हिरे नाहीत. पण जे निघालंय ते मुरुमाच्या ढिगावर टाकण्यासारखंही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला लाव्हा. तो थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे तसेच अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढं त्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्फटिक वाढले. तुम्ही सुरुंगानं उघडली ती अशीच एक पोकळी. हिऱ्याचा जन्म मात्र जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली होतो. तिथून तो वर येतो किंबर्लाइट किंवा लॅम्प्रोइट नावाच्या खडकाच्या अरुंद नळ्यांतून. मध्य प्रदेशातलं पन्ना आणि आंध्रातलं वज्रकरूर इथं अशा नळ्या आहेत आणि त्या आपल्या काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुन्या, शंभर कोटी वर्षांपलीकडच्या आहेत. आपल्या महाराष्ट्रात हिऱ्यांचं जुनं ठिकाण म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वैरागड. अकबराच्या काळच्या नोंदींत तिथल्या खाणीचा उल्लेख आहे. मराठवाड्याच्या पाषाणातून हिरा निघावा अशी घडणच नाही.

आता तुमच्याकडं काय आहे ते पाहू. काचेवर ओरखडा उठवणारा खडा बहुतेक गारगोटीच्या जातीचा, म्हणजे क्वार्ट्झ असणार. काच कापली म्हणजे हिरा, ही समजूत गावोगाव पक्की बसलेली आहे. पण काचेपेक्षा कठीण असलेला कुठलाही खडा काचेवर रेघ ओढतो, गारगोटी तर सहज ओढते. हिरवट खडे अपोफिलाइट असावेत. ओळख सांगते. चौकोनी खांब, वर टोक आलेलं किंवा माथा सपाट, आणि सपाट माथ्यावर मोतिया झाक. त्या माथ्याला समांतर त्याचे पापुद्रे सुटतात. तो काचेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे काचेवर ओढून उलट त्याचंच नुकसान होतं. शेजारी पिवळसर-गुलाबी, ज्वारीच्या पेंढीसारखी मधे आवळलेली जुडगी दिसली, तर ते स्टिल्बाइट.

खाणीतून निघालेला कच्चा हिरा आपल्या मनातल्या हिऱ्यासारखा दिसतच नाही. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून ठेवावेत तसा आठ बाजूंचा आकार, कडा थोड्या गोलावलेल्या, अंगावर तेलकट झाक. भिंगाखाली त्याच्या बाजूंवर बारीक बारीक त्रिकोणी खळगे दिसतात. एकदा पाहिले की ते खळगे विसरत नाहीत.

तर तुम्ही एवढं करा. खडे छिन्नीनं सुटे करू नका. खडकाच्या तुकड्यासकट, स्फटिक शाबूत राहतील असे काढा आणि कापसात गुंडाळून ठेवा. जगभरचे संग्राहक आणि संग्रहालयं असे नमुने विकत घेतात, आणि दख्खनच्या स्फटिकांना त्यांच्यात फार मान आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या, म्हणजे आपल्या विहिरींतून काय काय निघतं ते डोळ्यांनी दिसेल. जवळच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र विभाग असेल तर तिथल्या प्राध्यापकांनाही दाखवा. लपवून ठेवलं की पहिला येणारा दलालच भाव ठरवतो.

आजोबा सांगायचे, की निजाम लिंबाएवढा हिरा कागदावर वजन म्हणून ठेवायचा. खरं आहे का? तो गोवळकोंड्याचा होता का? आता कुठं आहे?
– शिक्षिका, अंबाजोगाई

खरं आहे. तो हिरा म्हणजे जेकब हिरा. वजन १८४.७५ कॅरेट. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे हा खडा जवळपास ३७ ग्रॅमचा झाला. आजच्या कोहिनूरपेक्षा वजनानं बराच मोठा. मात्र तो गोवळकोंड्याचा नाही. तो दक्षिण आफ्रिकेत सापडला आणि युरोपात पैलू पाडून विकायला निघाला.

१८९१ साली अलेक्झांडर माल्कम जेकब या सिमल्याच्या जवाहिऱ्यानं हा हिरा सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी आणायचं ठरवलं. निजामांनी २३ लाख रुपये अनामत भरली. हिरा हैदराबादेत आला तेव्हा मात्र त्यांनी तो नापसंत केला. इंग्रज रेसिडेंटालाही राज्याचा एवढा पैसा एका खड्यात जाणं मान्य नव्हतं. जेकबनं अनामत परत केली नाही आणि प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात गेलं. त्यात जेकब निर्दोष सुटला, पण खटल्याच्या खर्चानं तो पार बुडाला. हिरा शेवटी निजामांकडेच राहिला. एवढ्या कटकटीनंतर त्यांना त्याच्याविषयी आस्था उरली नव्हती. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना तो वडिलांच्या चपलेच्या टोकात, चिंधीत गुंडाळलेला सापडला असं सांगतात. त्यांनी तो टेबलावर कागद दाबायला ठेवला. तुमच्या आजोबांनी ऐकलं ते हेच.

१९९५ साली भारत सरकारनं निजामांच्या न्यासांकडून १७३ दागिने आणि रत्नं २१८ कोटी रुपयांना घेतली, त्यात हा हिरा आला. हा सगळा ऐवज रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतो. २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो लोकांना पाहायला मिळाला होता.

यावर मला एक बोलायचं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. ज्या तिजोरीतून असे खडे विकत घेतले गेले, तिच्यात बीड, परभणी, नांदेड, धाराशिवच्या शेतसाऱ्याचाही वाटा होता. म्हणून हे दागिने कायमचे हैदराबादेत, किंवा निदान आळीपाळीनं छत्रपती संभाजीनगरलाही लोकांसमोर मांडायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. तिजोरीतल्या अंधारात हिरा आणि कोळसा यांत फरक तो काय?

गोवळकोंड्याच्या किल्ल्यात हिऱ्याची खाण नेमकी कुठं होती? सहलीला गेलो तेव्हा गाइडला सांगता आलं नाही.
– आठवीतला विद्यार्थी, उदगीर

किल्ल्यात खाण नव्हतीच बाळा. गोवळकोंडा ही राजधानी आणि हिऱ्यांची पेठ. खाणी तिथून लांब, कृष्णेच्या खोऱ्यात. त्यातली सर्वांत नावाजलेली कोल्लूरची. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तिथं गेला होता. त्यानं लिहून ठेवलंय, की पुरुष, बायका, मुलं मिळून साठ हजार माणसं तिथं राबत होती. पुरुष खणायचे, बायका-मुलं माती वाहायची. मग ती माती पाण्यानं कालवून, वाळवून, पाखडून त्यातले खडे वेचायचे. कोल्लूरचा तो परिसर आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेला आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा मुख्य देश भारतच होता, हे वर्गात जरूर सांग. आणि आजही कर्नूल-अनंतपूरकडं पहिला पाऊस पडला की लोक शेतांतून हिरे शोधत फिरतात. कुणाकुणाला सापडतातही.

कोहिनूर हा जगातला सगळ्यात मोठा हिरा ना? तो फोडून लहान केला असं वाचलं, ते का?
– दोन वाचक, हिंगोली आणि लातूर

सर्वांत मोठा तो कधीच नव्हता. आजवर सापडलेला सर्वांत मोठा रत्नप्रतीचा कच्चा हिरा म्हणजे कलिनन, ३१०६ कॅरेट, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. २६ जानेवारी १९०५ रोजी तो दक्षिण आफ्रिकेतल्या प्रीमियर खाणीत सापडला. लंडनला पाठवताना चोरांची दिशाभूल करायला जहाजावर गुप्त पोलिसांच्या पहाऱ्यात नकली खडा ठेवला आणि खरा हिरा साध्या खोक्यात घालून रजिस्टर टपालानं धाडला. १९०८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या योसेफ आशर यांनी तो फोडला. त्याचे नऊ मोठे हिरे झाले, त्यातला पहिला ५३० कॅरेटचा.

कोहिनूर फोडला नाही, घासला. १८४९ मध्ये लाहोरच्या तहात इंग्रजांनी दहा वर्षांच्या दलीपसिंग या शीख राजाकडून तो काढून घेतला, तेव्हा वजन सुमारे १८६ कॅरेट होतं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोक रांगा लावून पाहायला आले आणि हिरमुसले, कारण तो लखलखेना. मग पुढच्या वर्षी राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्टनं डच कारागीर बोलावून नव्यानं पैलू पाडून घेतले. ३८ दिवस काम चाललं आणि हिरा १०५.६ कॅरेटवर आला. जवळजवळ निम्मा भुगा झाला.

आपल्याकडच्या जुन्या पारख्यांची नजर निराळी होती. त्यांना खड्याचं वजन आणि पाणी प्यारं. कमीत कमी घासायचं, डाग असेल तिथं एखादा पैलू टाकायचा आणि देह राखायचा. युरोपला हवी होती चमक. मला विचाराल, तर कोहिनूरचा जुना घाट मोडला ही त्याची दुसरी लूट. नवा पैलू जगात कुणालाही पाडता आला असता, तो जुना घाट मात्र परत येणार नाही.

आजीच्या हिऱ्याच्या कुड्या वाटणीत माझ्याकडं आल्या. जाऊबाईंच्या नव्या कुड्यांपुढं त्या मंद दिसतात. सराफ म्हणाले, मोडीत द्या. हिरे खोटे असतील का?
– गृहिणी, परळी

ताई, मंद दिसतात म्हणून खोटे ठरवू नका. हिऱ्यात शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवरून उलटून पुन्हा वर आला तरच तो लखलखतो. त्यासाठी पैलूंचे कोन नेमके लागतात, आणि ते गणित १९१९ साली मार्सेल टोलकोव्स्की यांनी मांडलं. आजचा सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलूंचा गोल हिरा त्याच गणितावर चालतो. आजीच्या कुड्या जुन्या घडणीच्या असल्या तर त्यात चपट्या, हातानं घासलेल्या पोलकी असू शकतात. त्यातून प्रकाश आरपार निघून जातो. म्हणूनच तेव्हा बंद कोंदण करून खड्याखाली चकचकीत पत्रा घालायचे. तो काळवंडला, आत पाणी-तेल गेलं, की वरचा खडाही मेल्यासारखा दिसतो.

माझ्याकडं अशीच एक सात खड्यांची कुडी आली होती. वरून पाहिलं तर सातही खडे राखाडी. भिंगाखाली धरली तर एका खड्याच्या कडेशी पत्र्याचा काळा पडलेला कोपरा दिसत होता आणि पैलूंच्या धारा मात्र अजून करकरीत. काचेच्या धारा इतक्या वर्षांत गोलावतात, चरे पडतात. हिऱ्याच्या तशाच राहतात. कारागिराकडून कोंदण उघडून, पत्रा बदलून घेतला आणि कुडी उजळली.

बंद कोंदणाच्या कुड्या घरी उकळत्या पाण्यात घालू नका. मागून उघड्या कोंदणाच्या असतील तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून मऊ ब्रशनं धुवा. हिऱ्याला तेल फार लवकर चिकटतं, चमक तिथंच जाते. आणि मोडीत देण्याआधी दुसऱ्या पारख्याला नक्की दाखवा. मोडीत बहुतेक वेळा सोन्याचाच भाव मिळतो, खडे फुकट जातात.

खरा हिरा घणानं फुटत नाही म्हणतात. आणि हिरकणी गिळली की माणूस मरतो, हे खरं का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, धाराशिव

ऐरणीवर ठेवून घाव घातला तरी न फुटणारा तोच हिरा, असं कीर्तनातून आपण ऐकत आलो. त्यातला भाव मला पूजनीय आहे. पण घरच्या खड्यावर प्रयोग करू नका. कठीणपणा म्हणजे ओरखडा न उठणं, आणि त्यात हिरा पहिला. चिवटपणा ही वेगळी गोष्ट. हिऱ्याला चार दिशांनी फुटीच्या पातळ्या असतात, त्या दिशेनं घाव बसला की तो सरळ दुभंगतो. आशर यांनी कलिनन फोडला तो असाच.

दुसऱ्याचं उत्तर : हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. त्यात विष नाही, पोटातल्या आम्लाचा त्यावर काही परिणाम होत नाही. चोरीसाठी हिरे गिळणारे मजूर खाणींत पूर्वीपासून होते. मात्र लहान मुलानं कुठलाही धारदार खडा गिळला तर वाट न पाहता डॉक्टरकडं न्या.

लेकीचं लग्न ठरलंय. ती म्हणते लॅबमध्ये बनवलेला हिरा घ्या, स्वस्त पडतो. तिचे बाबा म्हणतात सोयरे नकली म्हणून हसतील. तुमचं मत?
– आई, परभणी

लेकीच्या म्हणण्यात तथ्य आहे. लॅबमधला हिरा नकली नाही. तोही कार्बनच, तितकाच कठीण, तसाच चमकणारा. एक पद्धत प्रचंड दाब आणि उष्णतेची. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५४ च्या डिसेंबरात ती साधली. दुसरीत हिऱ्याची पातळ चकती बंद पेटीत ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडून तापवतात आणि कार्बनचे थर काही आठवड्यांत चकतीवर चढतात. सुरतेत हे काम मोठ्या प्रमाणावर होतं. नकली म्हणायचं ते अमेरिकन डायमंडला. तो कार्बन नाही, झिर्कोनियाचा खडा. त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड असतो आणि वापरात त्याच्या धारा झिजतात. त्यावर तोंडाची वाफ सोडली तर क्षणभर राहते, हिऱ्यावरची लगेच उडते, कारण हिरा उष्णता फार वेगानं वाहून नेतो.

सराफाच्या पेनसारख्या टेस्टरवर फार विसंबू नका. खडा उष्णता किती वेगानं वाहून नेतो, तेवढंच तो मोजतो. त्याला लॅबमधला हिरा आणि खाणीतला हिरा सारखेच वाटतात, आणि मॉइसनाइट नावाचा खडाही त्यावर हिरा म्हणून निघून जातो. लॅबचा की खाणीचा, हे खास यंत्रावरच कळतं. म्हणून जीआयए किंवा आयजीआयसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र मागा. बऱ्याच हिऱ्यांच्या कमरेवर, म्हणजे मधल्या कडेवर, त्याचा क्रमांक लेझरनं कोरलेला असतो. दहापटीचं भिंग मागून घ्या आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक स्वतः ताडून पाहा. दुकानदारानं कुरकुर केली तर दुसरं दुकान गाठा. सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याबद्दल काहीच नाही. पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं आणि हिऱ्याचं कॅरेटमध्ये वेगळं लिहून घ्या, नाहीतर खड्याचं वजनही सोन्याच्या भावानं लागतं.

एक तोटा स्पष्ट सांगते. लॅबच्या हिऱ्याचे भाव सारखे उतरले आहेत, परत विकायला गेलात तर हाती फारसं काही येणार नाही. खाणीचा लहान हिराही घेतलेल्या भावात विकला जात नाही. अडीअडचणीला उपयोगी पडावं म्हणून घेणार असाल तर सोनंच घ्या. लेकीनं अंगावर मिरवावं म्हणून घेणार असाल, तर लॅबचा हिरा बिनदिक्कत घ्या. सोयऱ्यांनी विचारलं तर लॅबचा आहे असंच सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

होप हिरा ज्याच्याकडं गेला त्याचं वाटोळं झालं म्हणतात. हिरा खरंच कुणाला लाभत नाही का?
– वाचक, जालना

ग्रहांवरून खडा सुचवण्याचं काम मी करत नाही. होप हिऱ्याचं एवढं सांगते. तो निळा आहे, कारण त्यात बोरॉनचा अंश आहे. ताव्हेर्नियेनं भारतातून नेलेला मोठा निळा हिरा १६६८ मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईला विकला, १७९२ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो चोरीला गेला, आणि आजचा ४५.५२ कॅरेटचा होप त्यातूनच घासून काढलेला आहे. शापाच्या गोष्टी पसरल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्तमानपत्रांतून, आणि गिऱ्हाइकाला भुरळ पडावी म्हणून जवाहिऱ्यांनीही त्या रंगवल्या. १९५८ मध्ये अमेरिकेतले जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो साध्या रजिस्टर टपालानं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला भेट पाठवला. अतिनील दिवा त्यावर धरून विझवला, की अंधारात तो काही सेकंद निखाऱ्याच्या रंगानं लाल पेटलेला दिसतो. मला शापापेक्षा ते पाहायची ओढ जास्त आहे.

आमच्या घराला आग लागली. कपाटातल्या अंगठीचं सोनं वेडंवाकडं झालं आणि हिरा दुधाळ पांढरा पडला. हिरा जळतो का? की आम्हाला फसवलं होतं?
– वाचक, लोहा

फसवलं असेलच असं नाही. हिरा जळतो. कार्बन आहे, हवेत सातशे-आठशे अंशांपुढं तापला की पृष्ठभागापासून जळायला लागतो. फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी १७७२ मध्ये हिरा जाळून पाहिला, आणि १७९७ मध्ये इंग्लंडच्या स्मिथसन टेनंट यांनी तो निव्वळ कार्बन असल्याचं सिद्ध केलं. म्हणूनच हिरा जडलेल्या अंगठीला डाग देताना, म्हणजे तापवून सांधताना, जाणता कारागीर खड्यावर आधी बोरिक पावडरीचा लेप चढवतो.

तुमच्या हिऱ्याची बहुधा फक्त वरची साय जळालेली आहे. आतला हिरा शाबूत असतो. पुन्हा घासून घेतला की तो स्वच्छ निघतो, वजन थोडं घटतं. सोनार तुमच्यासमोर खडा अंगठीतून सुटा करेल असं पाहा, तिथंच कॅरेटच्या काट्यावर वजन करा आणि ते पावतीवर लिहून घ्या. मग मुंबई किंवा सुरतेला घासायला पाठवा. परत आल्यावर पुन्हा वजन करा. घट किती आली ते दोन्ही आकड्यांवरून तुम्हाला स्वतःलाच कळेल.